अडीच अल्तीन आणि आमची वही

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. रशियातील त्वेर शहराचा हा व्यापारी १४७०च्या सुमारास चौल बंदरात उतरला. चौल आणि रेवदंडा ही गावे आज नावाने वेगळी असली तरी कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या एकाच जुन्या बंदराचा तो परिसर. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘परदेसी’ (१९५७) या भारत-सोव्हिएत चित्रपटामुळे मागच्या पिढीला त्याचे नाव परिचित होते. आम्ही प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना त्याचा उल्लेख एका वाक्यात करीत असू. पुढे त्याचे ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ अनुवादातून सबंध वाचले, तेव्हा मनात राहिला तो त्यातला खर्चाचा हिशेब.

निकितिन हौसेने हिंदुस्थानात आला नव्हता. अस्त्राखानजवळ त्याची नौका लुटली गेली. बरोबरच्यांपैकी ज्यांचे मायदेशी काही शिल्लक होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते त्यांनी वाट फुटेल तिकडे जाणे पत्करले. हा दुसऱ्यांपैकी. होर्मुझहून एक घोडा घेऊन तो चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तो घोडा जुन्नरपर्यंत आणायला आपल्याला शंभर रूबल पडले, असे तो नोंदवतो. पुढे बहमनींच्या राजधानीत, बीदरला, नाताळच्या सुमारास त्याने घोडा विकला. वर्षभर त्याला पोसण्याचा खर्चही त्याने लिहून ठेवला आहे. अखेरीस त्याचा निष्कर्ष असा की, हिंदुस्थानात राहायचे म्हणजे जवळचे सारे संपवायचे. एकट्या जिवाला नुसत्या जेवणाखाण्यासाठी दिवसाला अडीच अल्तीन लागत, आणि तेही मद्याचा घोट न घेता. त्या काळच्या मॉस्कोच्या चलनात एका रूबलचे तेहतीसहून थोडे अधिक अल्तीन होत. म्हणजे घोड्यावरच्या शंभर रूबलांत हा माणूस साडेतीन वर्षांहून अधिक काळ जेवला असता. हा हिशेब आम्ही आमच्याच खर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता.

ती वही २०१० सालची. आम्ही दोघे उदगीरचे, दोघेही मराठीचे. बीदर आम्हांला दीड-दोन तासांच्या वाटेवर. निकितिन ज्या बाजूला गेला त्या बाजूने आम्ही इकडे आलो. एका महाविद्यालयात दोघांनाही तासिका तत्त्वावर काम मिळाले आणि अलिबागपेक्षा भाडे कमी म्हणून रेवदंड्यात एका वाडीतल्या दोन खोल्या घेतल्या. निघताना गावाकडचे सगळे म्हणाले होते, कोकणात कशाला पैसा लागतो! भात आणि मासळी, दारात नारळ. पहिल्या महिन्याच्या अखेरीस वही वेगळेच सांगू लागली. आम्ही ज्वारी खाणारी माणसे. इथे ज्वारी वाण्याकडे किलो-दोन किलोंनी मिळे, आणि ज्या भावाने मिळे त्या भावाने ती घ्यायला मन धजत नसे. मासळी घ्यावी तर तिची पारख नव्हती. घरमालकीण एकदा म्हणाल्या, “सर, शनवारी बाजारात नका जाऊ. मुंबईकर येतात, भाव चढतो. मंगळवारी मला सांगा, मी आणीन.” त्यांनी आणलेली मासळी आणि आम्ही आणलेली मासळी यांच्या किमतींतील फरक म्हणजे आमच्या परकेपणाची किंमत होती. ती आम्ही जवळजवळ दोन वर्षे मोजली.

अलीकडे परदेशी राहण्यासाठी स्वस्त शहरांच्या याद्या निघतात. घरभाडे, दूध, अंडी, बसचे तिकीट यांची बेरीज करून अमुक शहर तमुक शहरापेक्षा स्वस्त, असे ठरवले जाते. या बेरजेत राहणाऱ्याची मिळकत कुठली आहे हे बहुधा गृहीतच धरलेले असते. मुंबईत कमावून रेवदंड्यात जागा घेणाऱ्याला हे गाव स्वस्त आहे. इथेच मजुरी करणाऱ्याला ते तसे नाही, आणि सत्राअखेर हाती पडणाऱ्या मानधनावर जगणाऱ्या आम्हांलाही नव्हते. निकितिनची तक्रारही मुळात हीच होती. मिरी आणि रंग इथे स्वस्त, हे तो मान्य करतो. पण त्याच्या मुलखाच्या कामाचा माल नाही, जकात भारी आणि वाटेत चाचे. स्वस्त वस्तूंच्या ढिगापाशी तो रिकाम्या हाताने उभा होता. त्याच माणसाने बीदरचे उमराव ऐश्वर्यात आणि खेड्यांतील रयत अत्यंत दरिद्री असल्याचे नोंदवले आहे. एका गावाचे दोन भाव असतात, हे त्याला दिसले होते.

पण त्याच्या लेखनातली खरी तूट अल्तीनांत नाही. लुटीत त्याची धर्मपुस्तके गेली होती, त्यामुळे ईस्टर केव्हा येतो हे त्याला कळेना. तो अंदाजाने उपवास धरतो, भोवतालच्या मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपले उपवास करतो, आणि या चुकल्या सणाचे दुःख पुन्हापुन्हा लिहितो. हळूहळू त्याच्या रशियनमध्ये तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. प्रार्थनासुद्धा त्या मिश्र भाषेत उतरते. साहित्याचे विद्यार्थी याला भाषासंपर्क म्हणतील. आम्हीही वर्गात तसेच म्हणतो.

तिसऱ्या वर्षी आमची येळवस चुकली. दर्शवेळा अमावास्येला आमच्याकडे घरे ओस पडतात आणि शेते भरतात. आंबिलीचे मडके आणि भज्जी घेऊन माणसे शिवारात जेवतात. इकडे त्या दिवशी सुट्टी नाही, कुणाला नावही ठाऊक नाही. संध्याकाळी घरून फोन आला तेव्हा आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. सुरुवातीला आमच्या ‘आलाव-गेलाव’ला इथली मुले हसत, त्या फोनवर मात्र आई म्हणाली, “तुम्ही आता तिकडच्यासारखंच बोलायलाव.” त्या दिवसाच्या पानावर वहीत दूध आणि रिक्षा एवढेच आहे.

आणखी एका पानावर नुसते एस.टी.चे भाडे आहे. आम्हां दोघांपैकी एकाचे वडील गेल्याचा निरोप रात्री उशिरा आला. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो, पनवेलला गाडी बदलली, पुढे पुण्याला बदलली. पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतून अंगणात बसले होते. वहीत रक्कम बरोबर आहे; आम्ही ती नंतर तपासून पाहिली. तिच्यापुढे दुसरे काय लिहायचे हे त्या वेळी सुचले नाही, आजही सुचत नाही.

निकितिन त्वेरला परत पोचला नाही. वाटेत स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याच्या वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोचवल्या. कर्ज फिटले की नाही, हे त्या वह्यांतून कळत नाही.

आम्ही अजून रेवदंड्यातच आहोत. नेमणुका कायम झाल्या, मासळीची थोडी पारख आली. नवे कॅलेंडर आले की आम्ही आधी मार्गशीर्ष अमावास्येवर खूण करतो. गेल्या येळवशीला घरमालकिणीच्या वाडीत, माडांखाली, आंबील आणि भज्जी केली. तुरीचे ओले दाणे मिळाले नाहीत, त्यांच्या जागी इथले वाल घातले. मालकिणींनी दोन वाट्या आंबील घेतली आणि विचारले, “ह्यात ज्वारीच लागते का? तांदळाची नाही का होत?” होईल, असे आम्ही म्हणालो. ज्वारी दोन किलो, असे वहीत लिहिले आहे.