टायलोचं देणं

२०१५च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून घरी परतलो, तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात दुसऱ्यांदा नापास झालो होतो. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर हे कुणाला सांगितलं नाही. अण्णांना म्हणालो, पेपर नीट तपासले नाहीत. त्यांनी ते खरं मानलं. खरं म्हणजे मी गणित कधी केलंच नव्हतं. सोडवलेली उदाहरणं पाठ करायचो, आकडे बदलले की अडकायचो.

सोबत जुना संगणक होता आणि त्यात एका मित्राने टाकून दिलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा खेळ. मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने केलेला. आपणच रॉकेट जोडायचं, आपणच उडवायचं. वस्तीवरची वीज शेतपंपाच्या वेळापत्रकाने यायची, म्हणजे बहुतेक रात्रीच. अण्णा पाणी द्यायला निघायचे आणि मी खेळायला बसायचो. ही गोष्ट लिहिताना आजही लाज वाटते.

खेळातल्या जवळच्या चंद्रावर, ‘मन’वर, मी दहा-पंधरा यानं फोडून का होईना उतरलो. तिथली ओढ आपल्या चंद्राएवढीच, पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाची. अंदाजावर निभावलं. आपल्याला जमतं, असा समज झाला.

तो टायलोने उतरवला. जूल नावाच्या हिरव्या महाकाय ग्रहाच्या पाच उपग्रहांपैकी हा एक. खडकाळ, फिकट, त्रिज्या ६०० किलोमीटर. म्हणजे खेळातल्या ‘पृथ्वी’एवढाच. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ८० टक्के. आपल्या सूर्यमालेत एवढ्या ओढीचा उपग्रह नाही. आयोची ओढ सगळ्यांत जास्त, तीही पृथ्वीच्या पाचव्या हिश्शाहून कमी. आणि टायलोवर हवा अजिबात नाही. पॅराशूट उघडून उपयोग नाही. जमिनीलगतच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला २,१०० मीटरहून जास्त असतो, तो सगळाच्या सगळा इंजिनानेच मारावा लागतो.

माझं यान दर वेळी जमिनीपासून चार-पाच किलोमीटरवर कोरडं पडायचं आणि मग नुसतं दगडासारखं खाली. मी टाक्या वाढवल्या. यान जड झालं, ते थांबवायला आणखी इंधन लागलं, पुन्हा तेच. मग सावधपणा म्हणून वीस किलोमीटर उंचीवर वेग शून्यावर आणून सावकाश उतरू लागलो. ते तर आणखी वाईट. इंजिनावर तोलून घालवलेला प्रत्येक सेकंद जवळजवळ आठ मीटर वेगाएवढं इंधन खातो, हे मला माहीतच नव्हतं.

एका दुपारी जेवताना अण्णा सहज जुनं काही सांगत होते. येरमाळ्याच्या यात्रेला बैलगाडीने जायचे तेव्हाचं. ‘कडबा जास्त घेतला की वझं वाढतं, वझं वाढलं की बैल जास्त खातात. आधी हिशेब बघायचा, मग गाडी जुपायची.’ मी हातातला घास तसाच ठेवून उठलो. माझ्या यानाचं दुखणं हेच होतं. त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरण हेच सांगतं, फक्त त्यात लॉगरिदम आहे.

ते लॉगरिदम मी अकरावीच्या पुस्तकातून पुन्हा शिकलो. आठवडाभर वही भरली. खेळातल्या एका साध्या इंजिनासाठी उत्तर आलं : टायलोवर नुसतं उतरायचं तर यानाचं जवळजवळ निम्मं वजन इंधनाचं हवं. त्याच यानाने उतरून पुन्हा कक्षेत यायचं तर पाऊण. उत्तर पुस्तकाच्या मागे नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं गणित मला हवं होतं म्हणून मी केलं होतं.

त्या वहीच्या पुढच्या पानांवर मी राहिलेल्या विषयाची तयारी केली. पास झालो, काठावरच. पुढे नोकरी इंजिनिअरची नाही मिळाली. धाराशिवमध्ये दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतो. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा वर्गात मुलं नाचत होती. माझं लक्ष पडद्यावरच्या वेगाच्या आकड्याकडे होतं. २०१९ मध्ये चांद्रयान-२चा विक्रम उतरता उतरता कोसळला, ती रात्र आठवत होती. तोही चंद्र बिनहवेचाच.

पेपर तपासण्यात चूक नव्हती, हे मी अण्णांना त्याच रात्री सांगितलं. आठ वर्षं उशिरा. टायलोचंही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग उतरलास का त्याच्यावर?’

उतरलो, म्हणालो. पण परत यायचं इंधन धरलं नव्हतं. खेळातला माझा हिरवा अंतराळवीर अजून तिथंच उभा आहे.

‘मग त्याला आण की,’ अण्णा म्हणाले.