आधी कस, मग भाव

आमच्या रायपूरच्या सदर बाजारात सराफ कस पाहिल्याशिवाय जुन्या सोन्याचा भाव बोलत नाही. पण ऐन डिसेंबरात गीझर बंद पडला, तेव्हा मिस्त्रीने झाकणही न उघडता सांगून टाकले, "टंकी गई भाभीजी, नया ले लो." सासूबाईंना सांधेदुखी, म्हणून हे लगेच नवा आणायला निघाले! मी मात्र दुसऱ्या मिस्त्रीला बोलावले.

त्याने मेन स्विच बंद केला, झाकण काढले, एलिमेंटच्या टोकांना मीटर लावला. २ किलोवॅटच्या एलिमेंटला साधारण २६ ओहम यायला हवेत, तेवढेच आले. म्हणजे एलिमेंट शाबूत. टाकीही कुठे गळत नव्हती. बिघडला होता थर्मोस्टॅट! नवा बसवून जळका त्याने माझ्या हातात ठेवला. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, त्याला चहा विचारलास का?"