कापसाचा धूर

ज्यूल व्हर्नच्या खानदेशात लवंगा पिकतात. कॉफी, जायफळ आणि मिरीही. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायला निघालेल्या फिलिआस फॉगची गाडी रात्रीतून घाट आणि नाशिक मागे टाकते, दुसऱ्या दिवशी आमच्या मुलखात येते, त्याचा नोकर पास्पार्तू जागा होऊन खिडकीबाहेर पाहतो, आणि इंग्रज ड्रायव्हरनं इंग्रजी कोळशावर हाकलेल्या त्या इंजिनाचा धूर या सगळ्या पिकांवर पसरत जातो. इथल्या लहानसहान नद्या बहुतेक गोदावरीला मिळतात, असंही व्हर्न सांगतो. आमच्या कांग आणि वाघूर तापीच्या. देवळांवर त्यानं मिनार चढवले आहेत. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता. १८७२ साली फ्रान्समध्ये बसून त्यानं हे लिहिलं. पण पिकांच्या त्या यादीत पहिलं नाव कपाशीचं आहे, आणि तेवढ्यावर मी त्याला लवंगा माफ केल्या आहेत.

तो धूर मात्र डोक्यातून जात नाही. सध्या मी तोच बनवतो आहे.

औषधाच्या दुकानातला कापूस या कामाला येत नाही. धुऊन, विंचरून त्याचा सगळा स्वभाव काढून घेतलेला असतो. चिमणीवर बसवला की नुसता ढीग दिसतो. शेतातला हवा. बोंडातून आलेला, सरकी हातानं सोडवलेला, बोटांनी पिंजत पिंजत लांबवलेला. त्याचे तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे वारा ज्या बाजूचा हवा त्या बाजूला धूर कलवता येतो. चिमणीच्या तोंडाशी पातळ काळा रंग, वर जाताना राखाडी, टोकाला मूळचा पांढरा. आत नारिंगी रंगाचा एक बारका एलईडी ठेवला की भट्टी पेटल्यासारखी वाटते. जामनेरात राहून चिमुकल्या प्रतिकृतींचा हा छंद करण्यात बाकी अडचणीच आहेत. रंगाच्या बाटल्या पुण्या-मुंबईहून मागवाव्या लागतात आणि उन्हाळ्यात ब्रशवरचा रंग कागदाला टेकेपर्यंत सुकतो. पण धुराच्या बाबतीत आमच्याइतकं श्रीमंत कुणी नाही.

हा धूर ज्याच्या सोंडेतून निघणार आहे तो हत्ती लोखंडाचा आहे. तोही व्हर्नचाच. १८८० साली आलेल्या त्याच्या ‘वाफेचं घर’ या कादंबरीत एक इंग्रज इंजिनिअर वाफेवर चालणारा हत्ती बांधतो. पोटात बॉयलर, सोंडेचं धुराडं, आणि मागे जोडलेली देवळाच्या आकाराची, चाकांवरची दोन घरं. हे बिऱ्हाड उत्तर हिंदुस्थानभर फिरतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातल्या माणसांनी वाफ आणि पितळ यांच्या जोरावर जो उद्याचा काळ रंगवला, त्याच्या लढाया टेबलावर मांडणारे लोक आता जगभर आहेत. त्यांच्याकडे वाफेच्या नौका आकाशातून उडतात, एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या कादंबरीतली मंगळावरची तीन पायांची यंत्रं इंग्लंडच्या वेशीवर येतात. वेल्स स्वतःच अशा खेळाच्या मूळपुरुषांपैकी एक. शिशाचे पोकळ शिपाई आणि लाकडी गोळे उडवणारी स्प्रिंगची तोफ घेऊन तो जमिनीवर पालथा पडून लढाया खेळायचा, आणि १९१३ साली त्यानं त्या खेळाचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. खऱ्या युद्धापेक्षा हे धाकटं युद्ध किती बरं, हे त्यानं त्यात मनापासून लिहिलं आहे. पुढच्याच वर्षी थोरलं सुरू झालं.

वाफेच्या हत्तीची ती कादंबरी मात्र मला अस्वस्थ करते. तिची सुरुवात औरंगाबादेत होते. १८६७ सालच्या मार्चमध्ये तिथल्या भिंतींवर इनामाची जाहिरात लागते: नानासाहेब पेशवा मुंबई इलाख्यात शिरला आहे, त्याला जिवंत वा मेलेला आणून द्या. मग वेरूळची लेणी येतात. नानासाहेब या कथेत खलपुरुष आहेत, आणि शेवटी त्यांना त्या हत्तीच्या मानेवर बांधून हत्तीचा बॉयलर फोडला जातो. याच व्हर्ननं पाचच वर्षांपूर्वी कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनच्या उठावात लढलेला, असं उघड करून त्याला मानानं निरोप दिला होता. एकाच हातानं नेमोही लिहिला आणि हेही लिहिलं. मला नेमोचा व्हर्न अधिक खरा वाटतो.

माझ्या टेबलावर नानासाहेब हत्तीच्या मानेवरच आहेत, पण हत्ती तेच चालवतात. तळहाताएवढ्या लोखंडात एवढा बदल करायला एम-सीलची एक गोळी पुरली.

असे बदल पुष्कळ करावे लागतात. मला मिळालेले शिपायांचे संच लाल डगल्यांचे आणि पांढऱ्या टोप्यांचे. त्यांत हिंदी माणूस असलाच तर पाणी वाहणारा. जेम्स औट्रमनं १८२५ साली धरणगावला उभी केलेली खानदेशची भिल्ल पलटण कुठल्या संचात नाही. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीला इंग्रजांशी लढलेले भिल्लही नाहीत. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा आणि पुढे त्याच घाटात कंपनीच्या उरावर बसलेला खाज्या नाईक नाही. मग एका शिपायाची टोपी कटरनं उतरवायची, एम-सीलची बारीक वळी करून मुंडासं बांधायचं, बंदूक काढून हातात तांब्याच्या तारेचं धनुष्य द्यायचं. अठ्ठावीस मिलिमीटरचा माणूस; उंची तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजायची असा या धंद्याचा रिवाज आहे. त्याचं डोकं जवारीच्या दोन दाण्यांत मावेल.

एवढ्याशा अंगावर खरा उजेड पडत नाही. म्हणजे पडतो, पण त्याला सावली धरायला जागाच नसते. म्हणून सावलीही रंगवायची आणि उजेडही रंगवायचा. आधी प्रायमरचा हात, मग मूळ रंग, मग पाण्यासारखा पातळ वॉश, जो आपोआप सुरकुत्यांत जाऊन बसतो, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर उजळ रंगाचा नुसता स्पर्श. नाकाच्या शेंड्यावर आणि खालच्या ओठावर एकेक ठिपका. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायेचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानावरच्या रेषांची पत्रजा, अगदी सूक्ष्म ती ऐरिक, आणि ठिपक्यांची बिंदुजा. अजिंठ्याच्या भिंतीवर नाकाच्या कण्याला दिलेला तो पांढरा झळाळ एकदा पाहिला की कळतं, अंधाऱ्या जागेतल्या माणसाला स्वतःचा उजेड स्वतःजवळ ठेवावा लागतो. तिथेही आधी प्रायमरच होता: तूस आणि तंतू घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग रंग.

रॉबर्ट गिलनं हे सगळं भिंतीएवढ्या मापात उतरवायला घेतलं होतं.

जामनेरहून पहूर, पहूरहून फर्दापूर, की अजिंठा आलंच. लेण्यांच्या पायथ्याशी वळण घेणारी वाघूर पुढे आमच्याच तालुक्यात येते. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, आणि १८४४ साली मद्रास फौजेतला गिल, चित्रांच्या नकला करण्याच्या हुकमानं, अजिंठा गावच्या बारादरीत येऊन राहिला. नंतरचं त्याचं आयुष्य याच मुलखातलं. वटवाघळं, ओल, मधमाश्या, ताप, आणि एका खिडकीएवढा उजेड. भिंतीवर जेवढं चित्र जवळजवळ तेवढंच कॅनव्हासवर उतरवायचं, असा त्याचा हट्ट. वर्षामागून वर्षं तो बोधिसत्त्वाच्या मुकुटातले मणी मोजत राहिला. त्याची प्रेयसी पारो त्याच्यासोबत होती. ती १८५६ साली गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे. पळसखेडच्या महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता लिहिली, म्हणून मराठी माणसाला गिल माहीत असतो तो बहुधा पारोचा गिल म्हणून. मला त्याचा ब्रश धरलेला हात पाहायचा असतो.

त्याचे कॅनव्हास विलायतेला गेले आणि लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले. काच आणि लोखंड यांचा तो महाल म्हणजे व्हिक्टोरियन माणसानं भविष्याला दिलेलं घर. १८६६ सालच्या डिसेंबरात त्याला आग लागली. गिलची चित्रं जळाली. वाचली ती हातावर मोजण्याइतकी. बातमी अजिंठ्याला पोचली त्या दिवशी त्यानं काय केलं असेल, हा विचार माझा कुठलाही शिपाई रंगवताना मध्येच येतो आणि ब्रश थांबतो. बाराशे-चौदाशे वर्षं डोंगरात टिकलेलं चित्र, त्याची नक्कल सुरक्षित राहावी म्हणून साता समुद्रांपलीकडे नेली, आणि भिंतीवरचं मूळ तेवढं राहिलं. पुढे मुंबईच्या आर्ट स्कूलचा ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत राहिला, त्यांनी पुन्हा सगळं उतरवलं. त्यांतल्याही पुष्कळ नकला १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या.

पण गिलनं आणखी एक काम करून ठेवलं होतं. त्यानं कॅमेरा घेतला होता, आणि स्टिरिओ छायाचित्रं काढली होती. दोन डोळ्यांच्या अंतरानं टिपलेली दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवायची आणि भिंगांच्या पेटीतून पाहायची. खांब पुढे येतात, गाभारा मागे सरतो, दगडाला खोली येते. १८६४ साली वास्तु-इतिहासकार फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं लंडनला निघाली. अख्खं लेणं हाताच्या पंजावर! ती छायाचित्रं छापली गेली, वाटली गेली, घरोघरी पोचली, म्हणून आजही पाहायला मिळतात. भिंतीएवढा कॅनव्हास एका जागी टांगावा लागतो आणि एकाच आगीत जातो. लहान केलेली वस्तू प्रवास करते, कपाटात राहते, खिशात राहते. गिलला हे आगीच्या आधीच उमगलं होतं, असं मानायला मला आवडतं. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, फॉगची गाडी ज्या रुळांवरून बऱ्हाणपूरकडे गेली त्याच रुळांच्या गावात.

माझ्या संग्रहात गिलची एक अठ्ठावीस मिलिमीटरची आकृती आहे. तो कुठल्याच बाजूनं लढत नाही. त्याच्यासमोर एक कॅमेरा आहे, आणि कॅमेऱ्याला दोन भिंगं आहेत. त्यासाठी जुन्या घड्याळातले दोन बारके मणी लागले. पारोचं लुगडं मी हिरवं केलं, अजिंठ्याच्या भिंतीवरच्या हिरव्या मातीचं. दुकानातल्या बाटलीत तो रंग तयार मिळत नाही, पिवळ्यात राखाडी आणि किंचित निळा घालावा लागतो.

जमीन मात्र विकत घ्यावी लागत नाही. काळी माती वस्त्रगाळ करून, फेविकॉलच्या पाण्यात कालवून पाट्यावर पसरली की दोन दिवसांत तिला आपोआप भेगा पडतात, वैशाखातल्या शेताला पडतात तशाच, आणि अचूक त्या मापाच्या. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. तिचा हा गुण चिमूटभर मातीतही शाबूत असतो. परदेशात या भेगांसाठी खास रसायनाची बाटली मिळते. त्या मातीवरून मी पाचोरा-जामनेरची पीजेही नेली आहे. १९१९च्या सुमारास आमच्या गावाला आलेली ही छोटी गाडी. तिच्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, ते माझ्या मापात साडेतेराच्या आसपास येतं. राणीच्या काळाच्या मानानं ती उशिरा आली, पण व्हर्नला लवंगा चालतात तर मला पीजे चालते. कोरोनाच्या टाळेबंदीत थांबलेली ती गाडी त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. शेंदुर्णीचा बाजार करून परत येणाऱ्या बायांनी भरलेला डबा मी करायला घेतला आहे, एकेक टोपली वेगळी.

खेळाचे नियम आयते मिळतात. त्यांत चिखल आहे, वाळू आहे, बर्फसुद्धा आहे; काळी माती नाही. ती आम्हाला घालावी लागली. पावसाचा फासा पडला की चाकं असलेलं कुठलंही यंत्र पुढच्या डावात अर्धंच चालेल, आणि तोफ असलेलं मुळीच चालणार नाही. वाफेचा हत्ती रुतेल. मंगळावरच्या तिपायीचा एक पाय रुतला तर दुसरा उचलायला एक डाव जाईल. बैलजोडीला मात्र पावसाची सूट, आणि रुतलेलं यंत्र बाहेर काढायचं तर बैलच लावावे लागतील. इथवर माझं आणि पुतण्याचं एकमत झालं. मग मी म्हटलं, जो आधी बैलापर्यंत पोचेल त्याचे बैल.

“असं कसं काका? बैल गावाचे आहेत. गाव कुणाच्या बाजूनं आहे ते आधी ठरवा.”

तेव्हापासून आम्ही गावाची घरं करतो आहोत. प्रत्येक घराला स्वतःचा फासा द्यायचा ठरलं आहे. वेशीजवळच्या घरांनी दोन्हीकडचे शिपाई पाहिले आहेत, त्यांचा फासा वेगळा. जिनिंगवाल्या शेटचं घर कापसाच्या भावावर हलणार. टेकडीच्या अंगाला भिल्लांची वस्ती आहे, तिचा फासा नाईकाच्या पुतळ्यापासून किती इंचांवर आहे यावर. पाटलाच्या वाड्याचं अजून ठरत नाही. पुतण्या म्हणतो पाटील दर डावाला बदलेल, मी म्हणतो पाटलाचे बैल सगळ्यांत चांगले, तो बदलला तर हत्ती कुणी काढायचा?