पाडव्याला ग्रिप घ्यायची का?

दिवाळी जवळ आली की सायखेड्यात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला कांद्याच्या भावाचा. त्याचं खरं उत्तर उपबाजारात लिलाव बोलणारे व्यापारीही देत नाहीत. दुसरा माझ्या स्टुडिओच्या पायरीवर येतो : "दादा, या पाडव्याला ग्रिप घेऊन टाकू का?" विचारणारा बहुतेक वेळा चांदोरी, करंजगाव, मांजरगाव अशा शेजारच्या गावातला तरुण असतो. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होणार, हातात थोडी उचल आलेली, आणि बॉडी-लेन्स घेऊन झाल्यावर पुढची पायरी म्हणजे ग्रिप, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने आवळून बसवायचा एक ठोकळा. आत दोन बॅटऱ्या मावतात. बाहेर, एका टोकाला, दुसरं शटरचं बटण आणि एक-दोन चाकं असतात. कॅमेरा उभा धरला की हे बटण बरोबर उजव्या हाताच्या बोटाखाली येतं. म्हणून तिला व्हर्टिकल ग्रिप म्हणतात, आणि बॅटरी ग्रिपही म्हणतात. लोक तिच्याकडे बॅटरी म्हणून बघतात. माझं मत असं की ती कोपरासाठी घ्यायची वस्तू आहे; कोपराला गरज नसेल तर बॅटरीसाठी घेऊ नये.

आमच्या आधीच्या पिढीच्या स्टुडिओवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांच्याकडे याशिका मॅट, एखाद्याकडे रोलीफ्लेक्स. १२० ची फिल्म, सहा बाय सहा सेंटिमीटरचं निगेटिव्ह, एका रोलवर बारा फोटो. चौकोनाला उभं-आडवं नसतंच. नवरा-नवरी उभी छापायची की आडवी, ते डार्करूममध्ये एनलार्जरखाली ठरायचं. पुढे मामियाने १९७० साली आरबी ६७ काढला. त्याची फ्रेम सहा बाय सात, पण उभा फोटो हवा असेल तर कॅमेरा जागेवरच ठेवून नुसती मागची फिल्मची पाठ फिरवायची सोय होती. ही सगळी अडचण आणली ती ३५ मिलिमीटरच्या फिल्मने. तिची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या दीडपट रुंद. उभं हवं तर अख्खा कॅमेरा वळवा.

खालचा ठोकळा मात्र आला तो फिल्म पळवणाऱ्या मोटरसाठी. निकॉनच्या एफ ३ ला एमडी-४ मोटर ड्राइव्ह लागायचा, त्यात आठ पेन्सिल सेल. कॅननच्या पहिल्या इओएस-१ ला १९८९ साली बूस्टर निघाला; तो लावला की सेकंदाला अडीच फोटोंचा वेग साडेपाचावर जायचा. १९९६ च्या निकॉन एफ ५ मध्ये तर तो बॉडीतच कायमचा येऊन बसला. डिजिटल आल्यावरही ही रीत काही वर्षं टिकली. २००८ चा निकॉन डी ७०० नुसता सेकंदाला पाच फोटो काढायचा. एमबी-डी१० ग्रिप लावून तिच्यात मोठी बॅटरी घातली की आठ. त्या काळी ग्रिप घेणं म्हणजे वेग विकत घेणं होतं आणि ज्यांनी घेतली त्यांचं काही चुकलं नाही. आजच्या मिररलेसमध्ये वेग बॉडीतच असतो, बहुतेक ठिकाणी ग्रिपने तो वाढत नाही. मागे उरतं कोपर आणि उरते बॅटरी.

कोपराचं आधी. लग्न लागतं तो क्षण डोळ्यासमोर आणा. लॉन्सवर हजारभर माणूस, स्टेजवर दोन्हीकडचे मामा, भाऊ, करवल्या, भटजी, आणि मधल्या दोन हात जागेत तुम्ही. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं की सगळ्यांच्या मुठी अक्षतांनी उगारलेल्या असतात. अंतरपाट सरकतो, हार वर जातात. ही फ्रेम उभीच मागते. दोन उभी माणसं, वर गेलेले हात, वरून पडणारे तांदूळ. ग्रिप नसलेला कॅमेरा उभा धरला की उजवा हात वरच्या बाजूला जातो आणि कोपर खांद्याच्या उंचीला आडवं बाहेर येतं. त्या गर्दीत ते कुणाच्या तरी नाकाशी असतं. मागचा कुणी पुढे रेटतो, कोपराला धक्का बसतो आणि शटर १/६० वर असेल तर फोटो हलतो. काही जण यावर कॅमेरा उलटा वळवून बटण खाली आणतात आणि करंगळीच्या बाजूने मनगट मुरडतात. पाच मिनिटं चालतं ते. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत चालत नाही.

ग्रिप असली की दोन्ही कोपरं फासळ्यांना टेकलेली राहतात. कॅमेरा डाव्या तळव्यावर बसतो, श्वास रोखून संथ शटर मारता येतं. ७०-२०० सारखी दीड किलोच्या आसपासची लेन्स लावलेली असेल तर फरक आणखी कळतो, कारण पुढे ओढणाऱ्या वजनाला मागे काहीतरी तोलून धरणारं मिळतं. वजन फुकट येत नाही, हेही खरं. ग्रिप आणि जादा बॅटरी मिळून साडेतीनशे-चारशे ग्रॅम वाढतात. संध्याकाळी ते खांद्यात उतरतात. तरी मला मुरडलेल्या मनगटापेक्षा भरलेला खांदा परवडतो. (कुंकवाने रंगवलेल्या अक्षता ग्रिप आणि बॉडीच्या फटीत जाऊन बसतात आणि हळदीचा पिवळा डाग रबरावरून जाता जात नाही, ही तक्रार कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.)

निकॉनने २०१९ मध्ये झेड ६ आणि झेड ७ साठी एमबी-एन१० नावाची पेटी काढली. तिला शटरचं बटणच नव्हतं. नुसत्या दोन बॅटऱ्या. जगभरच्या फोटोग्राफरांनी तोंड वाकडं केलं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पिढीच्या बॉड्यांबरोबर बटणं असलेली एमबी-एन११ आली. ग्रिपकडून लोकांना नेमकं काय हवं असतं, ते यावरून दिसतं.

आता बॅटरी. मिररलेस खादाड आहे, कारण डीएसएलआरमध्ये तुम्ही आरशातून बघत असता तेव्हा सेन्सर झोपलेला असतो. मिररलेसमध्ये सेन्सर आणि डोळ्याजवळचा छोटा पडदा दोन्ही सतत जागे. पण कंपनीच्या कागदावर सहाशे-सातशे फोटो लिहिलेले असले तरी ते आकडे दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो अशा ठरावीक पद्धतीने मोजलेले असतात. लग्नात आपण झुंडीने फोटो काढतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ निघतात. बॅटरी बदलायला लागतात दहा सेकंद. शिवाय नव्या बॉड्या टाइप-सीवर चार्ज होतात, काही तर पॉवर बँकेवर चालतात. जेवणाच्या पंगतीत वाढपी फिरत असताना कॅमेरा पॉवर बँकेला लावून ठेवायचा. कंपनीच्या एका ग्रिपच्या पैशात साधारण तीन-चार मूळ बॅटऱ्या येतात, आणि त्या बॅटऱ्या पुढच्या बॉडीलाही चालतात.

हा शेवटचा मुद्दा घाईत निसटतो. कॅननच्या ५डी मार्क २ ला बीजी-ई६ ग्रिप, मार्क ३ ला बीजी-ई११, मार्क ४ ला बीजी-ई२०. तीन बॉड्या, तीन ग्रिपा, एकीची दुसरीला बसत नाही. एलपी-ई६ जातीची बॅटरी मात्र तिघींना चालली. लेन्स वीस वर्षं टिकते, ग्रिप बॉडीबरोबर सती जाते. अलीकडे थोडी दया दाखवली आहे. कॅननची बीजी-आर१० ही आर५, आर६ आणि आर६ मार्क २ या सगळ्यांना बसते. घेण्याआधी हे बघून घ्यावं.

आमच्या पट्ट्यात ग्रिप विकत घेण्याचं दुसरं कारण म्हणजे पक्षी. सायखेड्यातून गोदावरीच्या कडेने खाली गेलं की गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर लागतं. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं आणि तेव्हापासून हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यांवर लांब लेन्सांची गर्दी वाढली आहे. तिथे बघावं तर दोनांतल्या एका कॅमेऱ्याला खाली ग्रिप असते, आणि तिचं दुसरं बटण सबंध सकाळभर कुणी दाबत नाही. चक्रवाक पाण्यावर आडवा, थापट्याचा थवा आडवा, दलदली हारिण वरून घिरट्या घालते तेव्हा पंख आडवे. एखादा राखी बगळा मान ताणून उभा राहिला तर उभी फ्रेम लागते, पण १५०-६०० सारख्या लेन्सला पायाशी कडं असतं. कड्याचा स्क्रू ढिला करायचा आणि कॅमेऱ्यासकट लेन्स कड्यातल्या कड्यात फिरवायची. ट्रायपॉड जागचा हलत नाही, कोपराचा संबंधच येत नाही.

बॅटरी थंडीत लवकर उतरते म्हणून पक्ष्यांना ग्रिप हवी, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. निफाडची थंडी खोटी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा अर्धी बॅटरी शिल्लक असताना लाल खूण दाखवतो. पण म्हणूनच दुसरी बॅटरी ग्रिपमध्ये, वाऱ्यावर, पहिलीच्या शेजारी गारठत ठेवण्यापेक्षा स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी. उतरलेली आत घालावी, ऊबदार बाहेर काढावी. आतली पुन्हा थोडी जीव धरते.

पावसाचंही तसंच. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की सायखेडा-चांदोरीचा पूल आणि नदीपात्रातली जुनी मंदिरं टिपायला आम्ही सगळेच जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी बाजारपेठेत शिरलं. अशा दिवशी मी ग्रिप काढून ठेवतो. कॅननसारख्या बॉडीत ग्रिप बसवायची तर बॅटरीचं झाकण काढून ग्रिपची जीभ थेट बॅटरीच्या खणात घालावी लागते. जिथे एक सांधा होता तिथे दुसरा येतो, आणि स्वस्तातल्या ग्रिपांना त्या सांध्यावर पाणी अडवणारं रबर बहुधा नसतंच.

व्हिडिओवाल्यांना तर मी सरळ नको म्हणतो. ग्रिप लावलेला कॅमेरा गिंबलवर तोलला जात नाही. बूड खाली येतं, हाताला अडतं. आता प्रत्येक घराला अल्बमआधी रील हवं असतं, त्यामुळे एकच बॉडी असलेला पोरगा दिवसातून दहा वेळा ग्रिप काढणार, दहा वेळा आवळणार. त्यात स्क्रूची आट झिजते.

एक कारण कुणी उघड बोलत नाही. ग्रिप लावलेला कॅमेरा फेटा बांधलेल्या नवरदेवासारखा दिसतो. आतला माणूस तोच, पण लोक बाजूला होऊन वाट देतात. द्राक्षवाल्या घरच्या लग्नात वधुपिता आधी कॅमेऱ्याचा आकार बघतो, मग कोटेशन. मी याला हसत नाही. धंदा आहे. फक्त तो खर्च जाहिरातीच्या खात्यात लिहावा.

मग ठरवायचं कसं? माझ्याकडे येणाऱ्याला मी त्याचा लॅपटॉप उघडायला लावतो. लाइटरूममध्ये मेटाडेटाच्या चाळणीत फ्रेमच्या आकाराचा रकाना आहे; उभे किती, आडवे किती ते लगेच वेगळं दिसतं. मागच्या सीझनचे सगळे फोटो नकोत, गिऱ्हाइकाला दिलेले तेवढेच चाळायचे. त्यात तिसरा हिस्सा उभे असतील आणि हातात ७०-२०० किंवा ८५ ची लेन्स असेल, तर ग्रिप घ्यावी, खुशाल.

काही पोरं इथे एक खरा मुद्दा काढतात. आडवा काढून नंतर उभा कापला तर? हिशोब करू. २४ मेगापिक्सेलच्या ६००० बाय ४००० मधून उभा तुकडा कापला की उरतो २६६७ बाय ४०००. करिझ्मा अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पानावर पूर्ण उंचीचा उभा फोटो आठ बाय बारा इंचाचा बसतो. त्याला लागतात २४०० बाय ३६००. म्हणजे अल्बमपुरतं भागतं. भिंतीवरच्या बारा बाय अठराच्या उभ्या फ्रेमला ३६०० बाय ५४०० लागतात. ते ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीतून कापूनही मिळतं, २४ मधून नाही. दिवसाउजेडी कापाकापी चालून जाते. संध्याकाळच्या रिसेप्शनला, आयएसओ ६४०० वर, तोच तुकडा दीडपट मोठा करताना दाणेही दीडपट होतात आणि नवरीच्या गालावर ते लगेच दिसतात. उभ्याच्या अंदाजाने दोन पावलं मागे सरकायला स्टेजवर जागा नसते, ती गोष्ट वेगळीच.

मी स्वतः दोन बॉड्या वापरतो. एकीला ग्रिप आणि ७०-२००, ती दिवसभर उतरवत नाही. दुसरी उघडी, २४-७० लावलेली. गिंबल, पाऊस, पक्षी तिच्या वाट्याला. एकच बॉडी असेल तर आधी दोन बॅटऱ्या घ्या, आणि ग्रिप सेकंडहँड शोधा. नाशिकच्या बाजारात चांगल्या मिळतात, कारण हौसेने घेतलेल्या पुष्कळ असतात. घेताना स्क्रू पूर्ण आवळून कॅमेरा आणि ग्रिप दोन हातांनी पिळून बघा. कट् असा आवाज आला तर ठेवून या. सोनेरी टिपांवर हिरवट बुरशी नको. दुसरं बटण अर्धं दाबून फोकस होतो का ते बघा. आणि बॉडीसकट घेत असाल तर बॅटरीचं झाकण मागून घ्या. ते ग्रिपच्या जिभेवरच्या खाचेत ठेवायची सोय असते, पण विकणाऱ्याने ते कधीच हरवलेलं असतं, आणि मग ग्रिप काढायची म्हटली तर कॅमेऱ्याचा खण उघडा.