घडवंची

एखादी वस्तू घरातून जाते तेव्हा तिचे नाव लगेच जात नाही. काही वर्षे ते वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात रेंगाळते, मग म्हणी-उखाण्यांत उरते आणि शेवटी शब्दकोशात जाऊन स्थिरावते. ‘घडवंची’ हा असाच एक शब्द. पाण्याने भरलेले घडे ठेवण्याची लाकडी, उंच बैठक म्हणजे घडवंची. संस्कृतातील ‘घट’ आणि ‘मंच’ हे तिचे दोन घटक आजही सहज ओळखू येतात. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ होताना जो ‘म’ ‘व’मध्ये मिसळला, तोच येथेही मिसळला आणि ‘मंच’चा ‘वंच’ झाला. ध्वनिपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून हा शब्द मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिला आहे. पण विद्यार्थी मित्रहो, फळ्यावरचा शब्द आणि चार क्विंटल वजन पेलणारा शब्द यांत अंतर असते. ते मला माशांच्या टाकीने दाखवले.

माशांची टाकी ही मराठवाड्यात तशी परकी हौस. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी काचेपलीकडचा मासा पहिल्यांदा तेथे पाहिला. मीही विद्यार्थिदशेत तेथेच पाहिला. पण ते शहर समुद्राच्या काठी वसलेले. १९९९ मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्यात पाण्याचा हिशोब निराळा आहे. पूर्णा आहे, पैनगंगा आहे, सिद्धेश्वरचे आणि इसापूरचे धरण आहे. नामदेवांच्या नरसीवरून वाहत येणारी कयाधू आहे. पण ही कयाधू उन्हाळ्यात वाळू आणि खडक दाखवू लागते, आणि चैत्र सरता सरता घराघरांत बोअरच्या पाण्याची चर्चा सुरू होते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा मुलखात अडीचशे लिटर पाणी केवळ पाहण्यासाठी काचेत भरून ठेवावे काय, हा प्रश्न मला कोणी विचारला नसता तरी विचारण्याजोगा होता. तो माझ्या आईने विचारला.

आईने तरुणपणी सेनगावकडच्या खेड्यात आडाचे पाणी शेंदले आहे. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा घागरी वाहिल्या आहेत. टाकीचे माप ऐकून ती म्हणाली, “बाबा, लोकाला प्यायला पाणी न्हाई अन् तू माशाला घर बांधायलास?” या प्रश्नाला विद्वत्तेचे उत्तर नसते. उत्तर असलेच तर ते टाकीच्या रचनेतच असायला हवे होते: एकदा घेतलेले पाणी पुन्हा पुन्हा स्वच्छ होऊन फिरत राहील आणि जे थोडे बाहेर काढावे लागेल ते वाया जाणार नाही, अशी रचना. म्हणून बाजारातील तयार टाकी न घेता, लाकडी बैठक आणि तिच्या पोटात गाळणीची दुसरी टाकी असे सारे करून घ्यायचे मी ठरवले.

पहिला विचार वजनाचा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन पन्नास किलोंच्या आसपास. त्यात वाळू आणि दगड धरले, खालची टाकी आणि तिचे पाणी धरले, की बेरीज चार क्विंटलपर्यंत जाते. आमच्याकडे मोंढ्यात हळदीची थप्पी पाहणाऱ्याला चार क्विंटल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. हळदीचे पोते मात्र थोडे कलले तरी चालते. पाण्याची टाकी कलली, तर एका बाजूच्या काचेवर आणि सांध्यांवर भलताच ताण येतो.

ज्या मिस्त्रींकडे हे काम दिले, त्यांच्या वडिलांनी उभे आयुष्य औत, वखर, तिफण आणि बैलगाड्या घडवल्या होत्या. ट्रॅक्टर आल्यावर ते काम सरले आणि मुलगा दारे-खिडक्यांकडे वळला. माझे कागदावरचे चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “सर, ही तर घडवंचीच की!” शब्दकोशात स्थिरावलेला शब्द एका माणसाच्या तोंडी अजून कामावर होता.

पुढचे बारा दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून शिकत होतो. त्यांनी खिळ्यांना हात लावला नाही. आडव्या तुळईच्या टोकाला कुसू कोरले, उभ्या पायात त्याच मापाची खाच पाडली आणि दोन्ही एकमेकांत बसवले. त्यांचे म्हणणे साधे होते: वजन लाकडावरून लाकडावर, आणि तेथून जमिनीवर उतरले पाहिजे, ते खिळ्यावर किंवा स्क्रूवर लटकता कामा नये. मधोमध पाचवा पाय घ्यावा असे मी सुचवले. त्यांनी तो मागच्या बाजूला घेतला, पुढे घेतला नाही. कारण अडीच फुटांची खालची टाकी पुढून आत सरकवायची होती. त्याऐवजी पुढची तुळई चार इंच उंचीची घेतली. लाकूड सागाचे. सागात मूळचेच तेल असल्यामुळे ओलाव्याला ते इतर लाकडांपेक्षा अधिक काळ तोंड देते. तरीही आतल्या बाजूने पॉलिशचे तीन हात दिले, कारण पाण्याजवळचे लाकूड दमटपणाने आतूनच खराब होऊ लागते.

त्यांच्या हत्यारांची नावे मला पाठ होती. त्यांचे वागणे ठाऊक नव्हते. रंधा लाकडाच्या रेषेच्या दिशेने गेला तर लांब, पातळ साल निघते. उलट गेला तर लाकूड चरचरते आणि पृष्ठभाग उसवतो. पटाशीवरचा ठोका हलका, पण अनेकदा. गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायचे आणि ओळंबा सोडून पाय सरळ उभे आहेत का ते पडताळायचे. माप सांगताना ते इंचानंतर ‘सूत’ म्हणत. एका इंचाची आठ सुते. एखादा माणूस ‘सुतासारखा सरळ’ आला असे आपण म्हणतो, तेव्हा ताणून धरलेला हाच दोरा आपल्या बोलण्यात असतो. ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आलेला, सूत हातात धरणारा. नाटकातील सूत्रधारही याच नावाचा. एकाने रंगमंच सांभाळला आणि दुसऱ्याने घडवंची.

बैठक घरी आल्यावर मिस्त्रींनी स्पिरिट लेव्हल बाजूला ठेवली आणि पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके बैठकीच्या दोन कोपऱ्यांशी धरली. फरशी एका बाजूला दोन सूत खाली होती. पायाखाली लाकडाची पाचर सारून त्यांनी पातळी जुळवली. पाण्यासाठी केलेल्या बैठकीची पातळी पाण्यानेच ठरवली, याचे मला समाधान वाटले. काचेखाली फोमचा पातळ थर अंथरताना ते म्हणाले, “लाकूड दबतं, सर. काच दबत न्हाई. ती एकदम बोलती.”

आता बैठकीच्या पोटातील टाकीविषयी. हौशी लोक तिला ‘संप’ म्हणतात. हा इंग्रजीतून आलेला शब्द. डच-जर्मन कुळातील ज्या शब्दाशी त्याचे नाते आहे, त्याचा अर्थ दलदल, पाणथळ. कामगारांच्या संपाशी त्याचा संबंध नाही. तो संप ‘ऐक्य, एकमत’ या अर्थाकडून आला. उच्चार एक, कुळे दोन. पण पाणथळ हा मूळ अर्थ येथे फार चपखल बसतो. नदीकाठची पाणथळ जागा वाहत्या पाण्याचा वेग कमी करते, गाळ खाली बसवते आणि सडलेल्या पदार्थांचे रूपांतर घडवून पाणी पुढे सोडते. खालच्या टाकीने हेच करायचे असते.

तिचे तीन कप्पे केले. वरच्या टाकीत एक उभी नळी आहे. पाणी तिच्या काठापर्यंत चढले, की आपल्याच वजनाने खाली उतरते. पहिल्या कप्प्यात ते जाड स्पंज आणि कापसासारख्या थरातून गाळले जाते. विष्ठा, उरलेले खाद्य, कुजलेली पाने तेथे अडकतात. दुसऱ्या कप्प्यात सच्छिद्र सिरॅमिकची कडी आणि पक्क्या विटेचे तुकडे. तिसऱ्यात मोटर, ती पाणी पुन्हा वर चढवते. तासाभरात वरचे सगळे पाणी साधारण चार वेळा फिरून येते.

खरे काम दुसऱ्या कप्प्यात चालते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया येतो. तो त्यांना विषासमान. विटेच्या छिद्रांत वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. शेतातल्या मातीत हीच क्रिया चालते, म्हणून शेतकऱ्याला ती वेगळ्या नावाने ठाऊक असते. नव्या टाकीत या जीवाणूंची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस आमच्याकडे पाणी फिरत होते आणि मासे नव्हते. येणारे-जाणारे हसत. आई काही बोलली नाही. नवे रांजण आधी मुरू द्यावे लागते, हे तिला ठाऊक होते.

या दिवसांत मला ‘निवळणे’ हे क्रियापद फार जवळचे वाटू लागले. गढूळ पाणी निवळते, आकाश निवळते, ताप निवळतो, रागही निवळतो. निवळी नावाचे एक झाड आहे. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. त्याची बी घड्याच्या आतल्या बाजूला घासली, की पाण्यातील गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो. जुन्या संस्कृत वाङ्मयात यावर एक दृष्टान्त आहे: कतकाच्या फळाने पाणी शुद्ध होते खरे, पण त्याचे केवळ नाव घेतल्याने होत नाही. नावांवर उपजीविका करणाऱ्या माझ्यासारख्याने हा दृष्टान्त टाकीवर कोरून ठेवावा असा आहे.

एक अडचण आमच्या भागातली खास, ती विजेची. वीज गेली की मोटर थांबते, पण पाणी लगेच थांबत नाही. उभ्या नळीच्या काठावरचे पाणी खाली येत राहते आणि वर पाणी नेणाऱ्या नळीचे तोंड बुडालेले असेल, तर सायफन होऊन तिच्यातूनही पाणी उलटे उतरते. आमच्या टाकीतील केवळ एक इंच पाणी म्हणजे चौदा लिटर. खालच्या टाकीत सत्तर लिटर मावतात; म्हणून ती पस्तीस लिटरच भरतो आणि उरलेली जागा येणाऱ्या पाण्यासाठी मोकळी ठेवतो. शिवाय वर नेणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक लहान भोक पाडले आहे. पातळी तेथवर उतरली की आत हवा शिरते आणि सायफन तुटतो. मासे सोडण्यापूर्वी मोटर सात वेळा मुद्दाम बंद केली. सातही वेळा फरशी कोरडी राहिली. वीज बराच वेळ गेली तर मासे आणि जीवाणू दोघांचाही प्राणवायू कमी होतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप शेजारी ठेवला आहे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर कितपत मिळाले? आठवड्याला सुमारे पंचवीस लिटर पाणी बदलावे लागते, कारण नायट्रेट साठत जाते. ते पाणी मातीला खत. आता परसातील कढीपत्ता, तुळस आणि वांग्याच्या वाफ्याला दुसरे पाणी क्वचितच लागते. म्हणजे झाडांना जे पाणी घालायचेच होते, ते आधी माशांकडे राहून जाते. उडून जाणारे पाणी मात्र वेगळे. उन्हाळ्यात त्याची भर रोज घालावी लागते, आणि तो खर्च हौसेच्याच खाती मांडला पाहिजे. आईला हा हिशोब सांगितला. तिने तो मान्य केला असे मी म्हणणार नाही. मात्र दर रविवारी बादली भरली की नाही हे ती विचारते, आणि “माशाचं पाणी” असा नवा शब्दप्रयोग आमच्या घरात रुजला आहे.

टाकीत अंगावर निळसर पट्टे असलेले झेब्रा मासे आहेत. हा मासा आपल्याच उपखंडातला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासला जातो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्यांची एक सवय मला भाषेचा अभ्यासक म्हणून मोलाची वाटते: अनेक माशांना त्यांनी कोळ्यांच्या तोंडची नावेच दिली. आपल्या बाजारातील रोहू आणि कटला शास्त्रीय नावांतही ‘रोहिता’ आणि ‘कटला’ म्हणूनच ओळखू येतात. ज्याने मासा धरला त्याचा शब्द शास्त्राने जपला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण दिवसा शेतात, दुकानात, कारखान्यात राबून रात्री ही पुस्तिका उघडतात. आपल्या कामातले शब्द अभ्यासाच्या बाहेरचे आहेत असे मानू नका. रंधा, पटाशी, कुसू, तिफण, घडवंची हे शब्द ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्याकडून ते वस्तूसकट लिहून घ्यायला हवेत: कोणते लाकूड, किती सूत, कोठे खाच. आमच्या मिस्त्रींच्या मुलाने फर्निचरचे दुकान काढले आहे आणि तेथे सारे स्क्रूने जोडलेले असते. मी त्याला आमच्या घरी बोलावले आहे. टाकी त्याने पाहिलेली आहे. त्याला मी तिच्याखालचे दार उघडून सांधे दाखवणार आहे.