आरशासमोरचा संकोच

भुसावळच्या बाजारातील एका किराणा व्यापाऱ्यांना साठीत मधुमेह निघाला. स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून डॉक्टरांनी फिरण्याबरोबर व्यायामशाळाही सुचविली. पण पायरीपाशीच पाऊल अडे. तरुण हसतील, आरसे पोट दाखवतील! गादीवरील ४० वर्षांच्या बैठकीचे ते व्याजच.

ही भीती म्हणजे बव्हंशी अंदाजाची चूक. थॉमस गिलोविच व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना ओशाळवाणा टी-शर्ट घालून इतरांत पाठविले. जवळपास निम्म्यांनी तो पाहिला असेल, हा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात पाहणारे चौथाईहूनही कमी. उधारीच्या वसुलीतही इतका अंदाज सहसा चुकत नाही.

शेठजी पहाटे, गर्दीपूर्वी जाऊ लागले. प्रशिक्षकाला रक्तदाब आधीच सांगितला, हलकी वजने घेतली. महिन्याभराने ध्यानात आले, शेजारचा तरुण आरशात केवळ स्वतःचेच दंड न्याहाळतो.