मैल मोजणारा मुनीम

स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याखाली, एका अरुंद खिडकीत तो बसलेला असतो. काट्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पेट्रोल किंवा बॅटरी किती उरली, हे घडोघडी पाहिलं जातं. एखादा पिवळा दिवा लागला तर जीव वरखाली होतो. ओडोमीटरकडे मात्र गाडी विकायला काढेपर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही. जुन्या पेढीवरच्या मुनीमासारखा तो आहे. मालक बदलतात, गादीची खोळ बदलते, वही याच्याकडेच राहते.

त्याच्या हिशेबाची रीत सरळ आहे. चाकाचे फेरे मोजायचे, त्यांचं अंतर करायचं आणि कालच्या बेरजेत मिळवायचं. टायर झिजला की चाकाचा घेर किंचित घटतो, तेवढ्याच वाटेला फेरे जास्त पडतात आणि तो खऱ्याहून थोडं अधिक मांडतो. एवढी एक चूक त्याच्या हातून होते. वजाबाकी त्याला येत नाही. ती करायला बाहेरचा माणूस लागतो, हत्यारं किंवा लॅपटॉप घेऊन आलेला.

आणि एक गोष्ट त्याला अजिबात माहीत नसते: आपण कुठे गेलो होतो. गाडी इस्पितळात गेली की मोर्चाला, वकिलाकडे गेली की जुन्या मैत्रिणीकडे, किती वाजता निघाली, शेजारच्या सीटवर कोण होतं, यातलं एक अक्षर त्याच्या वहीत नसतं. किती चाललो, एवढंच तो सांगू शकतो. मला तो आवडतो तो या अज्ञानामुळे. ब्रिटनमध्ये गेली वीस वर्षं गाडीवाले आणि सरकार यांच्यात जो वाद चालला आहे, त्याचं मूळही या अज्ञानातच आहे.

त्याचा पूर्वज रोमन होता. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात एका रथाचं वर्णन केलं आहे. रथाच्या चाकाला दातेरी चकत्या जोडलेल्या. चाकाचे चारशे फेरे झाले, म्हणजे पाच हजार रोमन फूट सरले, की वरच्या चकतीतला एक खडा खालच्या भांड्यात टणकन पडायचा. तो एक मैल. संध्याकाळी भांड्यातले खडे मोजले की दिवसाची वाट कळायची. पैसे मागायचं काम त्या खड्यांकडे नव्हतं.

पैसे मागायचे नाके. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रस्ते राखण्यासाठी ट्रस्ट नेमले गेले. १८३० च्या दशकात असे हजाराच्या आसपास ट्रस्ट वीस हजारांहून अधिक मैल रस्त्यांवर टोल घेत होते. शेतात घालायला चुना आणणाऱ्या वेल्समधल्या शेतकऱ्याला एका खेपेत अनेकदा थांबून पैसे मोजावे लागत. १८३९ च्या मे महिन्यात एफाइलवेन इथे लोकांनी नाका फोडला. पुरुषांनी बायकांचे कपडे घातले होते आणि म्होरक्याला ‘रिबेका’ म्हणत होते, बायबलमधल्या रिबेकाच्या नावावरून. तिच्या वंशजांच्या हाती शत्रूंच्या वेशी येतील, असा तिला आशीर्वाद आहे. १८४३ पर्यंत हे दंगे पेटत राहिले. कोल्हापूरच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध तिथे वर्षानुवर्षं लढा चालला, २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले, आणि शेवटी टोल गेला.

टोलनाका दिसतो, म्हणून तो फोडता येतो. १९०९ साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर गॅलनला तीन पेन्स कर लावला आणि रस्त्याचे पैसे पंपात शिरले. हा कर मधे काही वर्षं गेला आणि १९२८ मध्ये परत आला. जो जास्त चालवेल तो जास्त पेट्रोल भरेल आणि जास्त कर देईल. म्हणजे मैलामैलाचे पैसे ब्रिटिश माणूस शंभर वर्षं देतो आहे. ते पेट्रोलच्या भावात विरघळलेले असतात, इतकंच. २०२५ च्या शेवटी हा कर लिटरला ५२.९५ पेन्स होता. गॅलनला चाळीस मैल देणाऱ्या गाडीला तो मैलामागे सुमारे सहा पेन्स पडतो. हा आकडा पंपाच्या पावतीवर कधी छापला जात नाही. छापला असता तर या वादातला निम्मा गोंधळ उरला नसता, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्या काळात मुनीम कोपऱ्यात बसून होता. १९६४ साली रूबेन स्मीड यांच्या समितीने रस्त्याच्या वापराचे थेट पैसे घेता येतील असा अहवाल दिला आणि त्यासाठी गाडीत बसवायच्या मीटरांचाही विचार केला. अहवाल अभ्यासकांनी वाचला, सरकारने बाजूला ठेवला.

मग २००५ चा जून आला. वाहतूकमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी देशभर मैलागणिक आकारणीची कल्पना मांडली. खेड्यातल्या मोकळ्या रस्त्यावर मैलाला २ पेन्स आणि ऐन गर्दीच्या वेळी सर्वांत तुंबलेल्या रस्त्यावर १ पाउंड ३४ पेन्स. अर्थशास्त्र म्हणून ही रचना सुंदर होती. गर्दीच्या वेळी रस्त्यावर आलेली प्रत्येक गाडी मागच्या सगळ्यांचा वेळ खाते. त्या वेळेची किंमत तिने द्यावी. पण या हिशेबाला आपला मुनीम पुरत नाही. कुठे आणि केव्हा हे त्याला ठाऊक नाही. त्यासाठी गाडीत उपग्रहाशी बोलणारा डबा हवा होता, आणि त्या डब्याला मालकाच्या आयुष्याचा सगळा नकाशा कळणार होता.

लोकांनी नेमकं तेच ओळखलं. पंतप्रधान कार्यालयाच्या नव्याने सुरू झालेल्या अर्जसेवेवर या योजनेविरुद्ध अर्ज आला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो बंद झाला तेव्हा त्यावर १८ लाख सह्या होत्या. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी सह्या करणाऱ्यांना ईमेलने उत्तर पाठवलं: हा छुपा कर नाही, पाळत ठेवण्याचा डाव नाही, निर्णयही अजून झालेला नाही. लोकांना ते पटलं नाही. ते सगळे स्वार्थी होते, त्यांना फुकट रस्ता हवा होता, असं तेव्हा अनेक शहाण्यांनी लिहिलं. मला ते अन्यायाचं वाटतं. पैसे द्यायला नाखूष असलेले त्यांत होतेच. पण मी कुठे जातो हे सरकारला कळण्याचं कारण काय, हा प्रश्न कंजूषपणाचा नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली जाते तो मोर्चाला जाताना दोनदा विचार करतो. अशी नोंद एकदा साठली की पुढचं सरकार ती कशाला वापरील, याची हमी आजच्या सरकारला देता येत नाही.

दुसराही एक धडा त्याच काळातला. एडिनबरामध्ये फेब्रुवारी २००५ मध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्कासाठी मतदान झालं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी नकार दिला. मँचेस्टरमध्ये डिसेंबर २००८ मध्ये बस-ट्रामवर अब्जावधी पाउंड खर्च करण्याचं वचन सोबत होतं, तरी ७९ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, आणि दहाच्या दहा विभागांत. लंडनमध्ये मात्र २००३ च्या फेब्रुवारीत शुल्क सुरू झालं ते टिकलं, कारण तिथे ते आधी लागू झालं आणि रस्ते मोकळे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले. देशव्यापी योजना गुंडाळली गेली.

विजेच्या गाड्यांनी हा विषय पुन्हा उकरून काढला. त्या पंपावर जातच नाहीत. पेट्रोल-डिझेलवरून वर्षाला सुमारे २४ अब्ज पाउंड मिळत होते, ते हळूहळू आटणार. म्हणून २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं: एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाडीला मैलामागे ३ पेन्स, प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स. पेट्रोलवाल्याच्या साधारण निम्मे. वर्षाला ८,५०० मैल चालवणाऱ्याला २५५ पाउंड.

आणि या वेळी सरकारने उपग्रहाचा डबा बाजूला ठेवला. काम मुनीमाला दिलं. मालकाने वर्षाचे अंदाजे मैल सांगायचे, त्याप्रमाणे पैसे भरायचे; वर्षअखेरीस ओडोमीटरचा खरा आकडा पाहून फरक मिटवायचा. आकडा बहुधा एमओटीच्या वेळी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीतच टिपला जाणार. खरं तर तो आजही टिपला जातो. गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्यांतले मैल कुणालाही फुकट पाहता येतात. जुनी गाडी घेणारे त्यावरच विसंबतात. म्हणजे सरकारच्या हाती नवीन काही पडत नाही, आणि सांगणारा साक्षीदार असा की ज्याला जास्त काही सांगताच येत नाही. २००७ च्या १८ लाख सह्यांचं हे खरं फळ आहे, असं मी मानतो.

तरी राग उसळलाच, आणि त्यातला बराचसा समजण्यासारखा आहे. ज्यांनी सरकारच्या सांगण्यावरून विजेची गाडी घेतली, ते म्हणतात, आधी बोलावलं आणि आता दारात हात पसरला. एप्रिल २०२५ पासून त्यांना वार्षिक वाहनकर सुरू झाला होताच. ज्यांच्या घरापुढे गाडी लावायला अंगण नाही त्यांचं दुःख वेगळं: घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट, रस्त्यावरच्या चार्जरवर २० टक्के. लंडनच्या आसपास चाळीसारख्या ओळीतल्या घरांत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांचा हिशेब याच फरकावर बिघडतो. अर्थसंकल्पाची छाननी करणाऱ्या स्वायत्त कार्यालयानेच बजावलं की या एका करामुळे पुढच्या काही वर्षांत विजेच्या गाड्यांची विक्री सुमारे ४ लाख ४० हजारांनी घटू शकते. हा आकडा लहान नाही.

खेड्यातल्या माणसाचं म्हणणं मला सर्वांत जड वाटतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दुकान वीस मैलांवर, दवाखाना चाळीस मैलांवर, आणि बस नाही. मुनीमाला त्याचा मोकळा मैल आणि मँचेस्टरचा तुंबलेला मैल सारखाच दिसतो. डार्लिंग यांच्या योजनेत या माणसाला २ पेन्स पडले असते. आता त्याला शहराइतकेच ३ पडतील. ज्या अज्ञानाने आपलं खाजगीपण राखलं, त्याच अज्ञानाने हा अन्याय केला. दोन्ही एकाच स्वभावातून येतात. मला विचाराल तर मी तरीही मुनीमाचीच बाजू घेईन. आकारणीतला अन्याय दर कमी करून, सूट देऊन दुरुस्त करता येतो. साठवलेला नकाशा परत घेता येत नाही.

फसवणुकीची भीतीही खरी आहे. आकडा मागे फिरवणारे ब्रिटनमध्येही आहेत. नुसता आकडा बदलणं हा तिथे आजवर गुन्हा नव्हता. बदललेली गाडी ते न सांगता विकणं हा गुन्हा. आता त्या आकड्यावर कर बसणार, तेव्हा मुनीमाच्या वहीला कायद्याचं संरक्षण द्यावंच लागेल. न्यूझीलंडला हा अनुभव जुना आहे. तिथे डिझेल गाड्या १९७८ पासून हजार किलोमीटरच्या हिशेबाने रस्त्याचे पैसे आगाऊ भरतात आणि भरल्याची चिठ्ठी काचेवर लावतात. एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्याही त्याच रांगेत आल्या, हजार किलोमीटरला ७६ डॉलर. कुरकुर झाली, पण देश बुडाला नाही.

आपल्याकडे वाट उलटी निघाली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्कनियमांत बदल झाला आणि उपग्रहाने अंतर मोजून टोल घेण्याची तरतूद आली, दिवसाला पहिले वीस किलोमीटर मोफत. नाक्यावरच्या रांगेला विटलेल्या आपल्याला ही सोयच वाटते. त्या डब्यात जमलेला नकाशा कुणाच्या ताब्यात राहील, किती दिवस राहील, पोलिसांना तो कुणाच्या परवानगीने मिळेल, हे प्रश्न मात्र कोल्हापूरसारख्या त्वेषाने कुणी विचारलेले मला दिसले नाहीत. ते विचारायला हवेत, आणि डबे बसण्याआधी विचारायला हवेत.

ब्रिटनच्या योजनेतली एक गाठ अजून सुटायची आहे. ती उत्तर आयर्लंडमध्ये आहे. डेरी शहरातून निघालेली गाडी काही मिनिटांत सीमा ओलांडून डोनेगलमध्ये, म्हणजे दुसऱ्या देशात पोचते. कित्येकांचं घर एका बाजूला आणि नोकरी दुसऱ्या बाजूला आहे. मुनीमाला सीमा दिसत नाही. त्या देशाच्या रस्त्यांवर चाललेले मैलही तो निमूटपणे मांडतो, आणि जाहीर झालेल्या योजनेत त्यांचेही ३ पेन्स लंडनच्या तिजोरीला द्यायचे आहेत. सीमेवरच्या माणसांसाठी वर्षाकाठी ठरावीक मैल माफ करणं अवघड नाही, त्याला उपग्रहही लागत नाही. राहत्या घराचा पत्ता पुरतो. तशीच माफी बस नसलेल्या खेड्यांनाही देता येईल. एप्रिल २०२८ अजून दूर असताना हे कलम कायद्यात लिहून घ्यायला हवं.